बिनजखमेची पट्टी

कुठं दुखतंय, असं ते डॉक्टर कधी कुणाला विचारत नसत. सेलूच्या सरकारी दवाखान्यात माणूस कंबर धरून, कण्हत, भिंतीला टेकत आत यायचा. डॉक्टर चष्म्यावरून त्याच्याकडं बघायचे आणि विचारायचे, "दुखत नसतं तर या घटकेला काय करत असता?"

माणूस गोंधळायचा. कापसाच्या जिनातला एक हमाल म्हणाला होता, "झोपलो असतो की, साहेब." बोरीहून बैलगाडीत घालून आणलेला एक शेतकरी म्हणाला, "तुमच्या दारात कशाला आलो असतो?" त्यावर डॉक्टर पोट धरून हसले. एरवी ते हसत नसत. एका म्हातारीनं मात्र नीट विचार करून सांगितलं, "नातवाला कडेवर घेतलं असतं." डॉक्टर तिला म्हणाले, "तुम्ही भिंतीला टेकून खाली बसा. नातू चालतो ना? मग तो येईल मांडीवर. त्याला उचलायचं कशाला?" म्हातारी बाहेर आली आणि सगळ्या ओट्याला ऐकू जाईल अशी ओरडली, "ह्ये काय औषध झालं? सरकारचा पगार खायलाय आन् मला बसायला सांगायलाय!"

लोकांचं तरी काय चुकत होतं? दवाखान्यात गेलं की रंगीत पाण्याची बाटली मिळायला हवी. सुई मिळाली तर सोन्याहून पिवळं. हे डॉक्टर सुई मागणाऱ्याला शिंप्याकडं पाठवायचे. तापाला, हगवणीला, विंचवाला ते औषध द्यायचे आणि गुणही यायचा. पण वर्षानुवर्षं दुखणाऱ्या कंबरा, माना आणि गुडघे घेऊन जे यायचे, त्यांना ते तोंडावर सांगायचे, "हा मेहमान जाणारा नाही. त्याला ओसरीवर चटई टाकून द्या. स्वयंपाकघरात घेऊ नका." एवढं बोलून पुढच्या माणसाला हाक. ज्याचा जीव जायलाय त्याला हे ऐकून काय वाटत असेल?

आता लोक त्यांना देवमाणूस म्हणतात. गेलेल्या माणसाला देवमाणूस म्हणायला काही खर्च येत नाही. मी म्हणत नाही. मी त्यांना जवळून पाहिलंय, म्हणजे एका बांबूच्या पडद्याआडून.

निजामाच्या राज्यातले ते शेवटशेवटचे दिवस. शेवटचे आहेत हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं म्हणा. मी नवी सून होऊन सेलूला आले होते. आमचं किराण्याचं दुकान बाजारात आणि घर दवाखान्याच्या मागच्या गल्लीत. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. सकाळी कपाळभर विभूती लावून, गळ्यातलं लिंग हातात घेऊन पूजेला बसल्या की घरात भांडं वाजलेलं त्यांना चालत नसे. थोरल्या दिराची बायको म्हणजे माझी मोठी जाऊ. तिला मी अक्का म्हणायची. अक्काची कंबर दुखायची. बाईमाणसानं एकटीनं दवाखान्यात जायचं नाही, म्हणून तिच्याबरोबर मला पाठवायचे. दवाखान्यात बायकांच्या बाजूला बांबूचा पडदा होता. पडद्याच्या अलीकडं दवाखान्याची दाई आणि आम्ही, पलीकडं डॉक्टर. पडदा इतका विरलेला होता की त्यांच्या शेरवानीची बटणं दिसायची. उन्हाळ्यातसुद्धा ती गळ्यापर्यंत लावलेली असायची. पायात मात्र टाचा झिजलेल्या चपला, शेतकऱ्याच्या असतात तशा.

ते कोण, कुठले, कुणाला नीट माहीत नव्हतं. हैद्राबादेत शिकले होते. उर्दू झकास बोलायचे आणि मराठी औरंगाबादकडची. बायको-मुलं नव्हती, की होती आणि वारली होती, यावर बाजारात दोन तट होते. दुपारी रोगी बसलेले असताना ते उठायचे, ओट्यावरच्या शहाबादी फरशीवर उताणे पडायचे आणि दोन्ही पाय खुर्चीवर टाकायचे. शेरवानीसकट. तसेच पडून राहायचे, डोळे उघडे. रोगी एकमेकांकडं बघायचे. "डाक्टरच आडवा झाला तर आपुन काय करावं?" असं कुणीतरी म्हणायचंच. आतून दाई सांगायची, "गप बसा. साहेबांची पाठ हाय ती." तिनं तेवढंच सांगितलं. डॉक्टरांनी स्वतः तर तेवढंही कधी सांगितलं नाही. त्यांची पाठ किती दुखत होती आणि कधीपासून, हे विचारायची कुणाची टाप नव्हती.

अक्काच्या कंबरेचं असं होतं की तिला काही झालेलंच नव्हतं. ती पडली नव्हती, झडली नव्हती. बाळंतपणं सुखरूप झाली होती. सूज नाही, ताप नाही, गाठ नाही. आणि तरी सकाळी उठताना तिला आधी कुशीवर वळावं लागायचं, मग हातावर, मग गुडघ्यावर, मग खांबाला धरून उभं. जात्यावर बसली की उठता येत नसे. मी आले तेव्हा तिला हे दुखणं लागून बरीच वर्षं झाली होती आणि घर कंटाळलं होतं. घरानं कंटाळायलाही हरकत नव्हती. रोज उठून तेच रडगाणं कोण ऐकणार? थोरले दीर जेवताना म्हणायचे, "खायाला बसती तवा कंबर कुठं जाती हिची?" पुढंपुढं ते पाथरीचं नाव काढायला लागले. पाथरीला त्यांच्या नात्यातली एक मुलगी होती, लग्नाची. कामाला वाघ आहे, असं ते अक्का वाढत असतानाच सांगायचे. अक्काचं माहेर म्हणजे मेलेले आई-बाप आणि दार न उघडणारा भाऊ. सवत आली की ती या घरात मोलकरीण होणार, आणि मोलकरणीचं काम होत नाही म्हणून पुढं तेही जाणार. हे तिला कळत होतं, मलाही कळत होतं.

तेव्हाची गोष्ट. मुलांच्या पोटावरचे डाग बघून डॉक्टर एकदा आमच्या अंगणात येऊन आत्याबाईंवर ओरडले होते. आमच्याकडं लेकराचं पोट फुगलं, कुणाची कंबर धरली, की विळा तापवून डाग द्यायची रीत. गल्लीत सगळ्यांना डाग आत्याबाई द्यायच्या, कारण त्यांचा हात हलका. डॉक्टर ओरडले, "बाई, तुम्ही माणसं भाजता!" आत्याबाईंनी पदर सावरला आणि शांतपणे म्हणाल्या, "माझ्या समद्या लेकरांना मीच दिला, साहेब. समदी जगली."  रागारागानं जाताना त्यांनी आमच्या ओसरीच्या कट्ट्याला लाथ मारली आणि स्वतःचाच अंगठा दुखवून घेतला. पण आत्याबाईंनी त्या दिवसापासून घरात डाग देणं बंद केलं. "शिकलेला माणूस हाय, एवढा जीव तोडून सांगायलाय, तर ऐकावं," म्हणाल्या. हे मी मुद्दाम सांगते. आत्याबाई वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर हे सगळं सोपं झालं असतं.

अक्काला डॉक्टरांनी आधी आराम सांगितला. ती हसली. पडद्याआडून ते हसणं त्यांना ऐकू गेलं असावं. म्हणाले, "काय झालं?"

अक्का म्हणाली, "आराम तुमच्या बाटलीत घालून द्या, साहेब. तवा घेते."

डॉक्टरांनी समोरची बाटली बाजूला सारली. मग दाईला म्हणाले, "कापूस आण. लांब पट्टी आण. टिंचर आण." दाईनं विचारलं, "जखम कुठं हाय?" डॉक्टर म्हणाले, "जखम नाहीये म्हणून तर पट्टी लागते."

दाईनं अक्काच्या कंबरेभोवती कापसाचा जाड थर दिला आणि वरून पट्टी गुंडाळली, फासळ्यांपासून पार खाली. वरून टिंचर ओतलं. पिवळा-तांबडा डाग पसरला आणि असा वास सुटला की गल्लीच्या टोकाला कळावं. पलीकडून डॉक्टर बोलत होते. "ऐक, बाई. खाली काही नाही हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे. दुखतंय, हेही तुला माहीत आहे, मला माहीत आहे. बाकीच्यांना पट्टी माहीत असली म्हणजे झालं. सोडायची नाही, भिजवायची नाही. वाकलं तर आतला टाका तुटेल, असं घरी सांग."

"टाका घातलाच न्हाई की," अक्का म्हणाली.

"मग तुटेल कसा? बेफिकीर राहा."

आणि काय सांगू, घर बदललं. जी कंबर इतकी वर्षं कुणाला दिसली नव्हती ती आता सगळ्यांना दिसायला लागली. अक्का ओसरीवरून जायला लागली की थोरले दीर पाय आखडून घ्यायचे. आत्याबाईंनी तिला बसायला उंच पाट करवून घेतला. त्या वयात त्यांनी स्वतः अक्काचं शेणगोठ्याचं काम उचललं. जातं माझ्या वाट्याला आलं आणि मी मनातल्या मनात त्या डॉक्टरांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पण रात्री अक्का झोपायला लागली होती, ते बघून मी गप्प बसायची.

नुसतं पडून राहू द्यायचे ते डॉक्टर नव्हते. थोड्या दिवसांनी त्यांनी तिला विहिरीवर जायला सांगितलं, रिकामी घागर घेऊन. जायचं आणि रिकामीच घेऊन परत यायचं. गल्लीनं पदर तोंडाला लावून हसून घेतलं. मग घागरीत तांब्याभर पाणी. पुढच्या खेपेला दवाखान्यात गेलो की आणखी एक तांब्या. "चांगला दिवस असेल तरी जास्त भरायचं नाही. वाईट दिवस असेल तरी कमी भरायचं नाही," असं ते दरडावायचे. अक्काला हे पटलं होतं की नाही कोण जाणे, पण ती करायची. दुखणं गेलं नव्हतं. ती म्हणायची, "हाय तिथंच हाय गं, पण आता माझ्या अंगावर बसत न्हाई." एकदा तिनं मला समोर बसवून माझे केस विंचरले आणि विंचरता विंचरता गाणं म्हटलं. तिला गाणं येतं हे मला तोवर माहीत नव्हतं. पाथरीचं नाव घरात निघेनासं झालं.

गावातही पट्ट्या वाढल्या. जिनातल्या हमालांच्या खांद्यावर, म्हाताऱ्यांच्या गुडघ्यावर, लेकुरवाळ्या बायांच्या मनगटावर. डॉक्टर नवे आल्यावर ज्यांनी त्यांना शिव्या घातल्या तेच आता म्हणायला लागले, "लय भारी टाके घालतो." खरं काय ते पट्टी बांधणाऱ्याला आणि बांधून घेणाऱ्याला माहीत. आणि मला. मी कुणाला अवाक्षर बोलले नाही. डॉक्टरांना वाटत असेल, केवढी युक्ती काढली. माणसं कशाला मानतात आणि कशाला मानत नाहीत, हे त्यांना पक्कं कळलं होतं. एकच गोष्ट त्यांच्या डोक्यात आली नाही. पट्टी संशयानं कुणी सोडणार नव्हतंच. ती मायेनं सुटली.

दिवाळी आली. पहाटे आत्याबाई सगळ्यांना तेल लावून न्हाऊ घालायच्या, मुलांना आणि सुनांनाही. अक्का बाजूला बसून राहिली. आत्याबाईंना ते बघवेना. म्हणाल्या, "वरसाचा सण हाय, अंगाला पाणी लागू दे बाई. पट्टी मी सोडते, टाक्याला बोट लावत न्हाई. परत व्हती तशी बांधते. माझा हात हलका हाय, तुला ठावं हाय." अक्का नको म्हणाली. मी पण नको म्हणाले, साहेब रागावतील म्हणाले. "रागावू दे. मी सांगन त्यास्नी," असं म्हणत त्यांनी पट्टीची गाठ सोडली. अगदी हळू सोडत होत्या. दुखतंय का गं, दुखतंय का, असं विचारत होत्या.

कापूस निघाला. खाली कंबर होती. नितळ, गोरी, कापडाच्या वळांशिवाय तिच्यावर काहीच नव्हतं.

आत्याबाईंनी दिवा जवळ धरून पाहिलं. मग तळहात ठेवला. "हितंच दुखायलंय ना?"

"हो," अक्का म्हणाली.

"हितं तर काईच न्हाई."

अक्का रडायला लागली. आत्याबाई तेलाची वाटी घेऊन तशाच बसल्या. मोठ्यानं बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "ह्या वयात तुझं शेण काढलं गं मी. सांगितलं असतंस तर काय झालं असतं?" आणि उठून देवघरात गेल्या. त्या दिवाळीला आमच्याकडं कुणी गोड खाल्लं नाही.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. घरोघर पट्ट्या सुटल्या. जिनात मुकादमानं हमालांना रांगेत उभं करून सगळ्यांसमोर सोडायला लावल्या म्हणे. एकाच्या पट्टीखाली खरोखर गळू होतं, तेही मुकादमानं ओरबाडलं. आमच्या घरी थोरल्या दिरांनी पाथरीला निरोप धाडला.

डॉक्टर आमच्याकडं आले ते चार दिवसांनी, भर दुपारी. ओसरीवर उभेच राहिले. आत्याबाई दारात आल्या.

"बाई, तिला दुखतं. खरंच दुखतं. जखम नसतानाही दुखतं. माझ्यावर विश्वास ठेवा."

"जखम न्हाई तर पट्टी कामून बांधली?"

"तुमच्यासाठी."

"माझं काय दुखायलंय?"

डॉक्टरांनी टोपी काढून हातात घेतली. "मी आधीच खरं सांगितलं असतं, जखम नाही पण हिला काम लावू नका, तर तुम्ही मानलं असतं?"

आत्याबाईंनी विचार केला. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. "न्हाई," म्हणाल्या.

"मग?"

"मग बी खोटं बोलायचं न्हवतं, साहेब. आता तिनं खरं सांगितलं तरी कोण मानंल?"

डॉक्टरांनी टोपी परत डोक्यावर घातली आणि निघून गेले.  याचं उत्तर मला आजही सुचत नाही. एवढा शिकलेला, एवढा हुशार माणूस, पण उद्या पट्टी सुटली तर या बाईचं काय, हा विचार त्यानं केला नाही, याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही. आधी अक्काला कुणी मानत नव्हतं, पण खोटारडी तरी म्हणत नव्हतं.

पाथरीची माणसं यायची ठरली. त्यांच्या येण्याच्या आधी एके दिवशी सकाळी अक्का चुलीपाशी आली. आत्याबाई भाकरी करत होत्या. अक्का म्हणाली, "मला डाग द्या."

आत्याबाई म्हणाल्या, "मी सोडलंय ते."

"तुमच्या हातानं द्या. दुसऱ्या कुणाच्या हातानं नको."

आत्याबाईंनी तिच्याकडं पाहिलं. ही ढोंगी असती तर डाग मागायला आली नसती, असं त्यांच्या मनात आलं असणार, कारण त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. त्यांनी तवा उतरवला आणि विळा विस्तवात घातला. अक्का पालथी झोपली. पदराचा बोळा तिनं स्वतःच तोंडात कोंबला. मी दाराशी उभी होते. चर्र आवाज झाला आणि वास आला. त्याच चुलीवरची भाकरी आम्ही दुपारी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी अक्का आमच्या सगळ्यांच्या आधी उठली. कुशीवर वळली नाही, खांबाला धरलं नाही. एकदम उठून उभी राहिली. सडा घातला, जात्यावर बसली आणि जात्यावरून उठली. आत्याबाईंनी विचारलं, "कसं हाय गं?"

"बरं वाटायलंय," अक्का म्हणाली. "समदं गेलं."

आत्याबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी तिच्या कपाळाला विभूती लावली. थोरले दीर म्हणाले, "आधीच दिला असता तर बरं झालं असतं." पाथरीच्या पाहुण्यांना नका येऊ म्हणून कळवलं. मी एकटीच बघत होते की अक्का आता बसताना, उठताना, वाकताना श्वास घेत नव्हती. उठायच्या आधी घ्यायची, आणि उभी राहिल्यावर सोडायची. तिनं गाणं परत कधी म्हटलं नाही.

दाईनं हे डॉक्टरांच्या कानावर घातलं. ते आले ते सरळ काठी घेऊनच. शेरवानीची वरची बटणं उघडी होती, ती मी पहिल्यांदाच तशी पाहिली. "कुठे आहेत त्या बाई? ज्यांनी भाजलं त्या?" गल्ली जमली. दवाखान्याच्या डॉक्टरचं आणि आमच्या आत्याबाईंचं आज जुंपणार म्हणून पोरंसोरंही भिंतीवर चढली. आत्याबाई बाहेर आल्या. घाबरल्या नव्हत्या. थोरले दीरही दुकानातून आले. तेवढ्यात अक्का विहिरीवरून परत आली. डोक्यावर भरलेली घागर, काठोकाठ.

डॉक्टर तिला म्हणाले, "उतरव ती."

अक्कानं उतरवली नाही. तशीच उभी राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "साहेब, मी बरी झाले. आत्याबाईंच्या डागानं बरी झाले. आता कायबी दुखत न्हाई."

दोघं एकमेकांकडं बघत होते.  तिचा एक हात घागरीला होता आणि दुसऱ्या हातानं तिनं दाराची चौकट धरली होती. बोटांची नखं पांढरी पडली होती. डॉक्टरांनी ती बोटं पाहिली, हे मी पाहिलं. त्यांना सगळं कळलं. ही खोटं बोलते आहे, एवढं एक वाक्य त्यांना म्हणता आलं असतं. ते वाक्य म्हटलं असतं तर पाथरीला पुन्हा निरोप गेला असता.

त्यांनी काठी खाली टेकवली. आत्याबाईंकडं वळले आणि म्हणाले, "तुमचं खरं होतं, बाई. डागानंच बरी झाली."

मग त्यांनी शेरवानीची बटणं लावली आणि गेले. दवाखान्यापर्यंत एकटेच चालत गेले. पाठ एका बाजूला झुकलेली होती.

उन्हाळ्याच्या आत त्यांची बदली झाली, तेलंगणात कुठं तरी. त्यांना पोचवायला ठेसनावर कुणी गेलं नाही. दाई गेली असेल तर असेल. पुढं काय झालं, कळलं नाही. पुढं रझाकारांची धामधूम, पोलीस अ‍ॅक्शन, कोण कुठं गेलं याचा पत्ता नाही.

त्यांनी त्या दिवशी अक्काला वाचवलं, यात मला शंका नाही. दुसरं काय करायला हवं होतं, तेही मला सांगता येत नाही. पण सरकारी डॉक्टरानं चारचौघांत कबूल केलेली गोष्ट होती ती. त्यांच्या औषधावर ज्या गावानं कधी पुरता विश्वास ठेवला नाही, त्या गावानं त्यांच्या या एका शब्दावर ठेवला. आमच्या अंगणात बाया यायला लागल्या, सेलूच्या, मग आजूबाजूच्या खेड्यांतल्या. ज्यांच्या पट्ट्या सुटल्या होत्या त्याच बहुतेक. थोरले दीर ओसरीवरून सांगायचे, "डाक्टरसाहेबांनी सोता सांगितलंय." आत्याबाई कुणाला नाही म्हणायच्या नाहीत. मोबदला घेत नव्हत्या, वर घरची भाकरी खाऊ घालायच्या. सगळ्या बाया बऱ्या व्हायच्या. एकजण परत येऊन म्हणाली, अजून दुखायलंय. तिला तिच्या घरच्यांनीच सांगितलं की डाग दिल्यावर दुखणं राहत नसतं, तुझ्या मनातच खोट हाय. मग तीही बरी झाली.

दुसऱ्या बाळंतपणानंतर माझं डोकं दुखायला लागलं. अर्धंच, उजवीकडचं. उजेड सहन होत नसे, भांड्याचा आवाज झाला तर वाटायचं कुणीतरी कवटीत खिळा मारतंय. अंधारात तोंड झाकून पडून राहायची. आधी घरानं दम धरला. मग माझे मालक जेवताना बोलायला लागले. एका सकाळी आत्याबाई माझ्या उशाशी येऊन बसल्या. डोक्यावरून हात फिरवला, फार प्रेमानं, आणि म्हणाल्या, "किती दिवस सोसायचं पोरी? चल."

विळा नव्हता, कानशिलासाठी सुई तापवली होती. मी रडत होते, नको नको म्हणत होते. माझे पाय मालकांनी धरले. हात अक्कानं धरले. तिची पकड इतकी घट्ट होती की हलता येईना. सुई जवळ आली तशी तिनं माझ्या कानाला तोंड लावलं.

"एकदाच सोस," ती म्हणाली. "आन् लगीच बरं वाटायलंय म्हण. उशीर करू नको."

मी म्हणाले.